बारावी आणि बी.कॉम. यांच्या मधली कादंबरी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीचा शेवटचा पेपर मार्च महिन्यात संपला आणि पदवीच्या पहिल्या वर्षाचे वर्ग पावसाळा लागल्यावर भरतील. या मधल्या काळात, म्हणजे ‘कॉलेजच्या आधी’, मी वाईला घरीच आहे आणि एक कादंबरी लिहीत आहे. आईने ही गोष्ट एका लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्या मावशींना सांगितली आणि तेव्हापासून घाटावर, ग्रंथालयात, किराणा दुकानात, अगदी दळण आणायला गेले तरी मला प्रश्न विचारले जातात. तोंडी उत्तर देताना माझे म्हणणे दर वेळी थोडे बदलते आणि मग दोन नातेवाईक माझी दोन निराळी उत्तरे एकमेकांना ऐकवतात. म्हणून उत्तरे एकदाच लिहून ठेवली आहेत. प्रश्न मात्र ज्याने ज्या शब्दांत विचारले, त्याच शब्दांत ठेवले आहेत.

कॉलेज तर दोन वर्षे झाले ना? मग ‘कॉलेजच्या आधी’ म्हणजे काय?

अकरावी-बारावीलाही आपल्याकडे कॉलेजच म्हणतात, त्यामुळे हा घोटाळा होतो. माझ्या दृष्टीने त्या दोन वर्षांत आणि शाळेत फरक इतकाच होता की गणवेशावरची रिबीन गेली. येथे कॉलेज म्हणजे पदवीचे कॉलेज.

दिवसभर नेमके काय करतेस?

पहाटे साडेपाचला उठते, आणि त्याचे कारण साहित्यिक नाही. आमच्या आळीत सहाच्या सुमारास नळाला पाणी येते आणि ते भरण्याचे काम माझ्याकडे आहे. पिंप, दोन हंडे आणि गच्चीवरची टाकी भरून झाली की पावणेसातपासून साडेआठपर्यंतचा वेळ माझा असतो. उन्हाळ्यात त्यानंतर गच्चीवर बसवत नाही.

एप्रिलपासून मात्र या व्यवस्थेत एक सोय झाली. आजीची वाळवणे सुरू झाली आणि कुरडया, सांडगे व पोह्याचे पापड यांची कावळ्यांपासून राखण करायला कोणीतरी हवे होते. ‘तू तशीही बसूनच असतेस, तिथं बस,’ असे म्हणून आजीने माझ्या हातात एक वेताची काठी दिली. जिन्याच्या टोपीच्या सावलीत दोनशे पानी वही मांडीवर, काठी उजव्या हाताशी आणि समोर जुन्या धोतरावर ओळीने घातलेल्या कुरडया, अशा स्थितीत कादंबरीची सहा प्रकरणे लिहून झाली आहेत. कावळा दर पाच-सात मिनिटांनी येतो. त्यामुळे लांब वाक्य मनात पूर्ण झाल्याशिवाय कागदावर घ्यायचे नाही, अशी सवय मला लागली, कारण अर्ध्यात उठून परत आले की वाक्याचे दुसरे टोक सापडत नसे.

दुपारी जेवण, झोप आणि भांडी. चार ते सहा ग्रंथालय. संध्याकाळी ढोल्या गणपतीच्या घाटावर एक फेरी, आणि रात्री बाबांबरोबर अर्धा तास हिशेबाचा सराव, कारण मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी आहे. प्रत्यक्ष लेखन दिवसाला पावणेदोन तासांहून जास्त होत नाही. हे ऐकून काही जणांची निराशा होते, असे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसते.

रोज किती लिहून होते?

बाबा एका धान्य व्यापाऱ्यांकडे हिशेब लिहितात. त्यांनी मला लाल कापडी बांधणीची एक जुनी, निम्मी कोरी खातेवही दिली आहे. तिच्यात जमेच्या बाजूला मी त्या दिवशी लिहिलेले शब्द मांडते, नावेच्या बाजूला खोडलेले, आणि महिनाअखेरीस शिल्लक काढते. मार्चमध्ये जमा ९,८०० आणि नावे २,१०० होते. एप्रिलमध्ये जमा १४,३०० झाले, पण नावे १६,५०० झाले, म्हणजे महिनाभर लिहून कादंबरी २,२०० शब्दांनी लहान झाली. बाबांनी ते पान पाहिले आणि एवढेच म्हणाले, ‘खोट गेलीय. का गेली ते शेऱ्यात लिही.’ ती खोट का आली, हे पुढच्या उत्तरात सांगितले आहे.

शब्द मोजणे हे लेखकाला शोभत नाही, असे मला एका काकांनी सांगितले. मला तसे वाटत नाही. आज चांगले लिहिले की वाईट, हे मला त्या दिवशी कळत नाही, पण किती लिहिले हे मात्र कळते.

कादंबरी कशावर आहे? प्रेमकथा आहे का?

हळदीवर आहे. वाई भागात हळद पूर्वीपासून होते आणि माझ्या आजोळीही ती आहे. १९८८ सालच्या सुमारास दोन भावांच्या एका घरात हळदीच्या एका हंगामावरून फूट पडते, तेथून कथा सुरू होते आणि कृष्णेच्या काठाने सांगलीपर्यंत जाते. एक लग्न आहे, परंतु त्याला प्रेमकथा म्हणता येणार नाही.

एप्रिलमधली खोट या हळदीनेच आणली. कादंबरीतले मुख्य भांडण मी श्रावणातल्या रात्री घडवले होते. बाहेर पाऊस, आत काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, हळद शिजते आहे, वाफेत दोघांचे चेहरे दिसत नाहीत, असा तो प्रसंग होता आणि मला तो फार आवडला होता. मामाने वही वाचली, चष्मा काढला आणि विचारले, ‘अगं, श्रावणात हळद कुठली शिजवतेस? श्रावणात ती रानात पाला हलवत उभी असते.’ हळद अक्षय्य तृतीयेच्या आसपास लावतात, आठ-नऊ महिन्यांनी काढतात आणि मग माघ-फाल्गुनाच्या सुमाराला शिजवतात, हे मला ऐकून माहीत होते. ते लिहिताना आठवले नाही. पाऊस गेला, त्याबरोबर वीज जाण्याचा प्रसंग गेला, ओढ्याला पाणी आल्यामुळे अडकून पडलेला पाहुणा गेला आणि त्या पाहुण्याने ऐकलेले गुपितही गेले. नावेच्या बाजूला ११,००० शब्द एका दिवसात चढले.

त्यानंतर मामाने मला शेवटची हळद शिजताना पाहायला शेजारच्या गावी नेले. आता बहुतेक ठिकाणी ट्रॅक्टरच्या मागून येणारे वाफेचे कुकर आहेत, परंतु तेथले एक म्हातारे गृहस्थ घरापुरती हळद अजून काहिलीत शिजवतात. ते दर थोड्या वेळाने एक हळकुंड बाहेर काढून त्यात गवताची काडी खुपसून पाहत होते. काडी अडली की हळकुंड परत आत आणि अलगद शिरली की हळद शिजली. वास गोड नसतो, तो ओल्या मातीसारखा, थोडा कडवट आणि डोळ्यांच्या मागे बसणारा असतो. माझ्या वहीत तीन ठिकाणी ‘गोड वास’ असे लिहिलेले होते. शिजलेली हळद पुढे उन्हात दोन आठवडे वाळते आणि १०० किलो ओल्या हळदीतून साधारण २० किलोच वाळलेली हाती लागते. आता भावांचे भांडण याच २० किलोंवरून होते, कारण थोरल्याने शहरातल्या आपल्या मित्राला ओल्या वजनावर पैसे ठरवून दिलेले असतात. पावसातल्या प्रसंगापेक्षा हे भांडण मला खरे वाटते, जरी ते दिसायला कमी देखणे असले तरी.

अठराव्या वर्षी कादंबरी लिहिण्याइतका अनुभव कुठून येणार?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा विचारला जातो आणि तो विचारणाऱ्यांचा सूर बहुधा काळजीचा असतो, त्यामुळे मी चिडत नाही.

मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचे नाव घेतले जाते ती ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली आली, तेव्हा बाबा पदमनजी २६ वर्षांचे होते. ह. ना. आपटे यांचा जन्म १८६४ चा आणि त्यांची पहिली कादंबरी १८८५ ची. भालचंद्र नेमाडे यांची पहिली कादंबरी १९६३ साली आली तेव्हा ते पंचविशीत होते. यांच्या पंक्तीला बसण्याचा माझा विचार नाही. या भाषेत कादंबरी हा पिकल्या केसांचाच प्रांत कधी नव्हता, एवढेच मला दाखवायचे आहे. अठरा आणि एकवीस यांतही पुष्कळ अंतर असते, हे मला मान्य आहे.

अनुभव नाही, हे खरेच आहे, आणि तो नसल्याचा सर्वाधिक त्रास शेवटच्या भागात होतो. माझी कथा २००५ च्या महापुरापाशी संपते. सांगलीजवळ हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमाच्या गावी, जमिनीखालच्या पेवांत हळद साठवत असत. अरुंद तोंडाच्या, आतून सारवलेल्या या खोल कोठारांत हवा खेळत नाही, त्यामुळे हळदीला कीड लागत नाही, आणि त्याच कारणाने पेवाचे तोंड उघडल्यावर माणूस लगेच आत उतरत नाही. त्या वर्षीच्या पुराचे पाणी पेवांत शिरले आणि हळद गेली. मी तेव्हा जन्मलेलेही नव्हते. म्हणून परीक्षा संपल्यावर बाबांबरोबर एसटीने सांगलीला जाऊन हरिपूर पाहून आले. शेताच्या कडेला मातीत खचलेली एक गोल कडा पाहिली, तिच्यावर गवत उगवले होते आणि शेजारी एक शेळी बांधलेली होती. पूर मला लिहिता येणार नाही, ही कडा आणि ही शेळी येईल, असे तेथे ठरले. त्यामुळे कादंबरीत पूर येऊन गेलेला असतो, तो येताना दिसत नाही.

वाचनाशिवाय दुसरा काही छंद आहे का?

कॅरम. आमच्या शेजारच्या ओसरीवर उन्हाळ्यात रोज रात्री बोर्ड मांडला जातो आणि मी बऱ्यापैकी खेळते. येथे एक गोष्ट लक्षात आली आहे. समोरासमोर बसून माणसे जे बोलत नाहीत, ते कॅरम खेळताना सहज बोलतात, कारण चौघांचीही नजर सोंगट्यांवर असते. शेजारच्या काकांनी आपले कर्ज राणी घेता घेता सांगितले आणि कव्हर गेल्यावरच ते हळहळले. माझ्या कादंबरीतली माणसे सुरुवातीला एकमेकांच्या डोळ्यांत पाहून फार बोलत होती. आता त्यांच्या हातात मी काहीतरी काम देते.

पेटी शिकण्याचा प्रयत्न दीड वर्ष केला. तो विषय येथेच थांबवते.

शब्द गोळा करणे हा छंद म्हणायचा की काम, हे सांगणे कठीण आहे. आजी आणि तिच्या मैत्रिणी बोलताना जो शब्द मला अनोळखी वाटतो तो मी मागच्या पानावर लिहिते आणि नंतर मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात शोधते. या कोशाची दुसरी आवृत्तीही १८५७ सालचीच आहे, म्हणजे पहिली कादंबरी आणि या मोठ्या कोशाची ही आवृत्ती एकाच वर्षी वाचकांपुढे आल्या. पुष्कळदा शब्द कोशात सापडतो, पण अर्थ निराळा असतो. तेव्हा मी आजीचा अर्थ धरते.

रद्दीच्या दुकानात काय शोधत असतेस?

जुने दिवाळी अंक. का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची ही परंपरा आहे, आणि तिचा बराचसा भाग दर उन्हाळ्यात घरे रंगवायला काढली की रद्दीत येतो. दुकानदार मला किलोवर देतात. माझ्याकडे ५७ अंक आहेत. त्यांपैकी सर्वांत जुन्यावर मुखपृष्ठ नाही, त्यामुळे त्याचे वर्ष मी आतल्या जाहिरातींवरून ठरवण्याच्या प्रयत्नात आहे.

कथांपेक्षा जाहिरातींचा उपयोग मला जास्त झाला, हे मान्य करायला हवे. १९८८ मध्ये घरात कोणता मिक्सर असेल, साबणाच्या वडीची किंमत किती, सहकारी बँक ठेवीवर किती व्याज देत होती, हे सगळे त्या पानांवर आहे. कोणी जुने अंक देणार असेल तर जाहिरातींची पाने फाडू नयेत, ही विनंती.

पुस्तके विकत घेतेस का?

क्वचित. वाईसारख्या गावात राहण्याचा हा फायदा आहे. मराठी विश्वकोशाचे कार्यालय याच गावात, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी येथूनच त्याचे संपादन केले, आणि मे महिन्यातल्या वसंत व्याख्यानमालेला आमची निम्मी आळी लोटते. त्यामुळे मुलगी दिवसभर वाचत बसली तर ती आजारी आहे का, असे येथे कोणी विचारत नाही. लिहीत बसली तरच विचारतात.

ग्रंथालयात मी सहावीपासून सभासद आहे. तेथल्या जुन्या पुस्तकांच्या शेवटच्या पानावर तारखांचे शिक्के असतात. एका कादंबरीवर १९७४ नंतर थेट माझा शिक्का होता. मला त्या कादंबरीबद्दल वाईट वाटले आणि ती कंटाळवाणी निघाल्यावरही मी ती पूर्ण वाचली.

महिन्यातून एकदा पसरणीचा घाट चढून पाचगणी आणि तेथून भिलारला जाते. ४ मे २०१७ पासून ते पुस्तकांचे गाव आहे. लोकांच्या घरांत, देवळात, शाळेत विषयवार पुस्तके मांडलेली आहेत आणि कोणीही जाऊन वाचत बसू शकतो. पुस्तक घरी आणता येत नाही, त्यामुळे शेवटची एसटी आणि शेवटचे प्रकरण यांची शर्यत लागते. दोनदा एसटी जिंकली आहे.

हाताने लिहितेस की टाइप करतेस?

पहिला खर्डा हाताने, दुसरा संगणकावर. दहावीच्या सुट्टीत मी मराठी टंकलेखन शिकले होते. शासनाच्या परीक्षेत मराठीची पहिली पायरी मिनिटाला ३० शब्दांची आहे, ती मी उत्तीर्ण झाले आहे. अर्थात मिनिटाला ३० शब्द सुचत नसल्यामुळे तो वेग वापरण्याची वेळ आलेली नाही.

सुरुवातीला आळस करून पहिली चार प्रकरणे एका डीटीपीच्या दुकानात टाइप करायला दिली होती. त्यांनी ती युनिकोडच्या आधीच्या एका फाँटमध्ये केली. तसल्या फाँटमध्ये अक्षर मराठी दिसते, पण संगणकाच्या लेखी तेथे इंग्रजी अक्षरे असतात, आणि तो फाँट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की निव्वळ कचरा दिसतो. दुकानातच ते युनिकोडमध्ये बदलून दिले गेले, पण त्यात प्रत्येक ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’ आणि ‘शेतकऱ्या’ यांतला अर्धा ‘र’ मोडला. हळदीच्या कादंबरीत शेतकरी किती वेळा येतात, याची कल्पना करता येईल. ती दुरुस्ती करताना ५२ पाने पुन्हा वाचावी लागली आणि त्यात चौथे प्रकरण मुळातच नको होते, हे लक्षात आले. दुकानाचे आभार मानावेत की नाहीत, हे अजून ठरलेले नाही.

शुद्धलेखन कोण तपासते?

आधी मी, मग आजी. आजीची शाळा १९६२ च्या नियमांपूर्वी सुरू झाली, त्यामुळे ती ‘नांव’, ‘गांव’ आणि ‘कांहीं’ यांवरचे अनुस्वार अजून सोडत नाही. मी काढते, ती पेन्सिलीने परत देते. कथेतल्या सासूबाईंचे एक पत्र आहे, त्यात मात्र मी तिचे सगळे अनुस्वार तसेच ठेवले आहेत, आणि ते पत्र पुस्तकातला सर्वांत शुद्ध मजकूर आहे, असे आजीचे मत आहे.

लेखक व्हायचे तर मराठी घेऊन बी.ए. का करत नाहीस?

कारण मला जमाखर्च आवडतो. हे उत्तर कोणालाच पटत नाही. हळदीच्या सौद्यात अडत (दलाली), हमाली, तोलाई (वजन करण्याची मजुरी) आणि कडता (वजनातली कपात) यांत शेतकऱ्याचे किती पैसे जातात, हे समजल्याशिवाय माझ्या कथेतला धाकटा भाऊ गप्प का बसतो, हे मला कळले नसते. ते मला बाबांच्या वह्यांतून कळले. मराठी मी वाचतच राहीन. ताळेबंद मात्र कोणी शिकवल्याशिवाय येत नाही.

मोबाइलचे काय?

लिहिण्याच्या वेळी तो खाली फ्रिजवर असतो. गच्चीवर नेला की कावळ्यांचे फावते.

घरच्यांना काय वाटते?

आई सर्वांना सांगते आणि मला मात्र काही विचारत नाही. बाबा फक्त शिल्लक पाहतात. आजीला ती कादंबरीत आहे का, हे जाणून घ्यायचे असते. ती आहे, परंतु तीन निरनिराळ्या बायकांत वाटलेली आहे. त्यांपैकी जी घर सोडून जाते तीच आपण, असे तिने परस्पर ठरवून टाकले आहे. मला ती स्वयंपाकघरातल्या जाऊबाईंमध्ये जास्त दिसत होती. तिने असे सांगितल्यावर मी घर सोडण्याचे प्रकरण पुन्हा लिहायला घेतले, कारण त्या बाईने निघताना काय बरोबर घेतले, याचे माझे उत्तर चुकीचे होते. मी तिच्याकडे दागिन्यांची पुरचुंडी दिली होती. आजी म्हणाली, ‘बियाण्याचे गड्डे नेले असते गं. दागिने काय, ते ओळखतात आणि परत आणतात.’

आम्हाला वाचायला कधी मिळेल?

शुद्धलेखन पाहणारी आजी सोडली तर सध्या एकच वाचक आहे, तो म्हणजे मामा. त्याच्याकडे पहिली नऊ प्रकरणे आहेत. तो रोज रात्री दोन-तीन पाने वाचतो आणि समासात टिपणे करतो. ती वाङ्मयीन नसतात. ‘बैलांना पाणी केव्हा पाजले?’, ‘एवढ्या सकाळी मोटर चालू, लाइट होती का?’, ‘ही बाई कालपासून जेवलेली नाही’ अशी असतात. गेल्या आठवड्यात एका पानावर काहीच लिहिलेले नव्हते, म्हणून मी त्याला विचारले. ते पान थोरल्या भावाने रिकाम्या खळ्यात एकट्याने बसण्याचे आहे. मामा म्हणाला की ते त्याने दोनदा वाचले आणि पेन्सिल कुठे ठेवली ते आठवेना.